हेमाडपंतांच्या माथी किती देवळं?

साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारामोटेच्या विहिरीत मी आजवर पाच-सहा वेळा उतरलो असेन, आणि दर खेपेला एक वाक्य कानावर पडलंच आहे. मागच्या वेळी एक गृहस्थ कमानीखाली उभे राहून मुलांना सांगत होते, "हे सगळं हेमाडपंती बरं का! नुसता दगडावर दगड, चुन्याचा थेंब नाही." मुलं माना डोलावत होती. विहिरीचा शिलालेख त्यांच्यापासून काही पावलांवर होता. शके 1641 ते 1646, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधवली. गादीवर तेव्हा थोरले शाहू महाराज होते. हेमाडपंतांचा काळ सरून सुमारे साडेचारशे वर्षं झाली होती.

विहिरीचं जाऊ द्या, आपल्याकडे काळ्या दगडाचं जुनं काहीही दिसलं की ते हेमाडपंती होतं. परळीचं देऊळ हेमाडपंती, देवराष्ट्र्याजवळच्या सागरेश्वराची देवळं हेमाडपंती. मिरजेहून तासाभरावरचं खिद्रापूर कोल्हापूर जिल्ह्यात, पण तेही हेमाडपंतीच. रस्त्यावरच्या पाट्यांवर तेच, शाळेच्या सहलीच्या निबंधात तेच, जत्रेच्या पत्रकातही तेच.

आता हेमाडपंत कोण, ते पाहू. हेमाद्री पंडित हे देवगिरीच्या यादवांचे श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचे प्रमुख. आधी महादेव यादव (1261 ते 1271) आणि मग रामचंद्र (1271 ते 1311) यांच्या पदरी त्यांनी काम केलं. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा व्रतं, दानं, श्राद्धं यांचा अवाढव्य ग्रंथ त्यांच्या नावावर आहे, वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर टीकाही आहे. माणूस मोठा विद्वान आणि मोठा कारभारी. त्यांनी देवळं बांधवली असतील. त्या काळचे मंत्री बांधवतच. पण एक पद्धत शोधून काढून महाराष्ट्रभर शेकडो देवळं उभी केली, हे म्हणणं तारखांपुढे टिकत नाही.

तारखा बघा. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा शिलालेख आहे. हेमाडपंतांच्या आधीची ही दोनशे वर्षं, आणि राज्यही यादवांचं नसून उत्तर कोकणच्या शिलाहारांचं. तरी अंबरनाथ 'हेमाडपंती शैलीचा उत्कृष्ट नमुना'! आपल्या जवळचं खिद्रापूर घ्या. कोपेश्वराच्या देवळात यादव राजा दुसरा सिंघण याचा तेराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला शिलालेख आहे. त्यात देवाच्या पूजेअर्चेसाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. दान द्यायला देव आणि देऊळ आधीपासून असावं लागतं. हेमाद्रींच्या हाती दप्तर आलं ते याच्या जवळपास पन्नास वर्षांनी. नातवाच्या नावावर आजोबांचं घर चढवण्यातला हा प्रकार आहे.

इथे नेहमी एक प्रतिप्रश्न येतो. "अहो, नाव कुणाचं का असेना, चुना न वापरता बांधायची पद्धत तर आपलीच ना? जगात कुठे आहे अशी?"

आहे. प्राचीन रोमन लोकांकडे होती. स्पेनमधल्या सेगोव्हिया शहरात पाणी आणणाऱ्या त्यांच्या नळपुलाच्या उंच कमानी ग्रॅनाइटच्या चिऱ्यांच्या आहेत, आणि त्या चिऱ्यांमध्ये चुना नाही. फ्रान्समध्ये नीम शहराजवळ पहिल्या शतकातला पों द्यू गार हा तीन मजली कमानींचा नळपूल आहे. त्याची उंची सुमारे 49 मीटर, आणि त्याचेही मोठमोठे चिरे चुन्याविना बसवलेले. चुना लावला तो मुख्यतः वरच्या पाण्याच्या पाटाला, गळती होऊ नये म्हणून. घडीव दगड नीट बसला, त्याचं वजन पुरेसं असलं आणि भार खाली सरळ उतरला की दोन दगडांमधलं घर्षणच त्यांना धरून ठेवतं. हे ज्ञान कुठल्याही एका देशाच्या मालकीचं नाही. चुन्याविना सांधा हे बांधकामाचं तंत्र झालं. त्यावरून ना राजा कळतो, ना शतक, ना शैली.

तंत्र आणि शैली यांतला फरक शिखराकडे पाहिलं की लगेच समजतो. अंबरनाथ किंवा सिन्नरचा गोंदेश्वर पाहा. शिखराच्या चारही अंगांनी मध्यभागी एकेक उभा पट्टा वर जातो, आणि मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढतात. या प्रकाराला अभ्यासक 'भूमिज' म्हणतात. त्याचं मूळ माळव्याकडे दाखवलं जातं, आणि आपल्याकडे शिलाहार, यादव अशा वेगवेगळ्या राजांच्या राज्यांत तो दिसतो. हेन्री कझिन्स यांनी 1931 साली दख्खनच्या देवळांवर पुस्तक काढलं, तेव्हा नावात 'मध्ययुगीन' एवढाच शब्द घातला. आपल्याला मात्र अजून हेमाडपंतांवाचून चैन पडत नाही.

रोमन आणि आपल्यात खरा फरक कुठला, तर छत पेलण्याचा. आपला पाथरवट खांबावर तुळई ठेवायचा. चौकोनी छत झाकायचं तर कोपऱ्यांवर तिरके दगड ठेवून भोक लहान करायचा, मग त्यावर आणखी तिरके, आणि शेवटी एक कोरीव झाकण. भार सरळ खाली जातो, पण दगडी तुळई वाकवली की मोडते, म्हणून दोन खांबांतलं अंतर फार ठेवता येत नाही. आपल्या जुन्या देवळांत खांबांची एवढी दाटी असते ती यामुळे. रोमनांनी कमानीवर आणि काँक्रीटवर भर दिला. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो, रेटा दोन्ही टोकांच्या भिंतींवर जातो आणि मधली जागा मोकळी राहते.

खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात बारा खांबांच्या वर्तुळावर छताला गोल भोक आहे. ते पाहून रोमच्या पँथिऑनची आठवण होणं साहजिक आहे, तिथेही घुमटाच्या माथ्यावर गोल झरोका आहे. पण पँथिऑनचा घुमट 43 मीटर रुंद, ओतीव काँक्रीटचा आणि मध्ये एकही खांब नसलेला. स्वर्गमंडप खांब-तुळईचा. आकाश दोघांनाही हवं होतं, म्हणून कुणी कुणाची नक्कल केली असं ठरत नाही.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

'कमान दिसली म्हणजे मुसलमानी किंवा इंग्रजी काम.' उत्तर प्रदेशातल्या भितरगावच्या गुप्तकालीन विटांच्या देवळात खरी कमान आहे. रोमनांनीही ती शोधली नाही, मेसोपोटेमियात विटांच्या कमानी त्यांच्या कितीतरी आधी होत्या. दख्खनमध्ये कमान आणि चुना सर्रास झाले ते मात्र बहमनी काळापासून. म्हणून देवळाला कमान आणि घुमट असेल तर ते बहुधा यादवांनंतरचं समजावं.

'वाईचा ढोल्या गणपती यादवकालीन.' देऊळ 1762 सालचं, गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं. त्याची मागची भिंत कृष्णेच्या पुरासमोर टोकदार केली आहे, म्हणजे पाणी फाकून दोन्ही बाजूंनी निघून जावं. रोमन पुलांच्या खांबांना प्रवाहाकडे अशीच टोकं असायची. नदी दोन्हीकडे सारखीच वागते.

'गूळ आणि उडीद होते, म्हणून जुना चुना वज्रासारखा.' चुन्यात सेंद्रिय पदार्थ घालत असत, हे खरं. पण ताकदीचा मोठा वाटा नीट भिजवलेल्या, घाण्यात मळलेल्या चुन्याचा आणि सुरखीचा, म्हणजे भाजक्या विटांच्या भुकटीचा. रोमन वास्तुकार विट्रुव्हियसनेही चुन्यात भाजलेल्या मातीची पूड घालायला सांगितलं आहे.

'रोमन काँक्रीटचं गूढ आजही उकललेलं नाही.' बरंच उकललं आहे. ज्वालामुखीची राख, चुना आणि त्यातल्या चुन्याच्या गाठी यांवर 2017 आणि 2023 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांचे निबंध आले आहेत. शिवाय रोमनांनी काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या घातल्या नव्हत्या, त्यामुळे सळी गंजून फुगण्याचा रोग तिथे नव्हता.

'जुनं दगडी बांधकाम भूकंपात पडत नाही.' हे पाटण तालुक्यात जाऊन सांगा. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा दगड-मातीची घरं कोसळून माणसं गाडली गेली. मृतांचा आकडा 180 च्या आसपास होता. कोयनेचं धरण टिकलं, पण त्यालाही तडे गेले आणि नंतर मजबुतीकरण करावं लागलं. ते धरण दगडगोटे घातलेल्या काँक्रीटचं, म्हणजे रोमनांच्या जवळच्या नात्यातलं! उभं राहिलेलं तेवढंच आपल्याला दिसतं. पडलेल्याची आठवण कुणी ठेवत नाही, आणि म्हणून जुनं सगळं मजबूत वाटतं.

'बाजरी आणि मोडीही हेमाडपंतांनीच आणली.' बाजरी भारतात त्यांच्या हजारो वर्षं आधीपासून पिकते. मोडी लंकेहून आणल्याची कथा ही कथाच आहे. बिचाऱ्या पंतांवर आपण किती ओझं टाकायचं!

मला राग येतो तो एवढ्यासाठी की 'हेमाडपंती' म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात. कोणत्या राजाचं, कोणत्या शतकातलं, शिखर कसलं, दगड कुठल्या खाणीतला, घडवणारे पाथरवट कोण, काही विचारायचं उरत नाही. वीरूबाईंचं नाव दगडावर कोरलेलं असताना आपण ते पुसून तिथे एका मंत्र्याचं नाव लावतो.

म्हणून गावोगावच्या जीर्णोद्धार समित्यांना एकच विनंती. पाटीवर 'हेमाडपंती' लिहिण्याआधी देवळाचे उंबरे, खांब आणि पायऱ्यांकडचे दगड धुऊन नीट पाहा, अक्षरं दिसली तर फोटो काढून पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या शिक्षकांना पाठवा. आणि हे झाल्याशिवाय तैलरंगाचा डबा उघडू नका.