बाण कार्बनचा घ्यावा की अ‍ॅल्युमिनियमचा?

धनुष्यबाणाने शिकार करणे आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाले, ते योग्यच झाले. आता बाण निवडायचा तो मैदानासाठी. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड (चाके लावलेल्या धनुष्याच्या) प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके पटकावली. केंदूरसारख्या गावातल्या एखाद्या मुलीलाही धनुष्य हाती घ्यावेसे वाटले, तर पहिला प्रश्न बाणाचाच येईल.

कंपाउंडला ५० मीटरवर नेम धरावा लागतो. तिथे कार्बनच हवा: हलका, वेगवान, बारीक असल्याने वाऱ्याने कमी ढळणारा. अ‍ॅल्युमिनियमचा बाण जड, पण १८ मीटरच्या इनडोअर सरावाला उत्तम. त्याच्यावर १८१६सारखा आकडा असतो. पहिले १८ म्हणजे व्यास, इंचाच्या चौसष्टांशांत. १६ म्हणजे नळीची जाडी, इंचाच्या हजारांशांत.

अ‍ॅल्युमिनियम वाकतो, आणि सपाट फरशीवर गडगडवला की वाक लगेच कळतो. कार्बनची चीर मात्र चटकन दिसत नाही. दगडावर आपटलेला असा बाण सोडताना फुटला, तर कुसळांसारख्या चिरफळ्या हातात घुसतात. म्हणून दर वेळी दोन्ही टोके धरून तो हलकेच वाकवावा, कडकड ऐकू येते का पाहावे. नुसती शंका आली तरी मोडून टाकावा. नवशिक्या मुलांच्या हाती मी तरी आधी अ‍ॅल्युमिनियमच देईन.