थीम अपडेट केली आणि वेबसाइटवरची सूचना गायब झाली? हुक आणि ब्लॉक एलिमेंट समजून घ्या

पावसाळा सुरू झाला की पर्यटक मुरबाडच्या माळशेज घाटाकडे आणि शहापूरच्या माहुलीकडे वळतात. याच काळात धबधबे आणि धरणांच्या परिसरात अनेकदा प्रशासनाचे मनाई आदेश निघतात. समजा, या भागात तुमचा होमस्टे आहे आणि त्याची वर्डप्रेसवर बनवलेली वेबसाइट आहे. ‘धबधब्यावर जायला सध्या बंदी आहे’ ही सूचना प्रत्येक पानावर दिसायला हवी. ती कुठे लिहायची?

बरेच जण थीमच्या हेडर फाइलमध्येच ती लिहून टाकतात. सूचना दिसते, पण पुढच्या अपडेटला गायब होते. कारण अपडेट करताना थीमच्या जुन्या फाइल्स जाऊन त्या जागी नव्या येतात. बरं, अपडेट टाळणं हाही उपाय नाही. त्याने सुरक्षेतल्या त्रुटी तशाच राहतात.

हुक म्हणजे काय?

थीममध्ये आधीच ठोकून ठेवलेली खुंटी. भिंत न फोडता खुंटीवर जे हवं ते अडकवायचं. वर्डप्रेसमध्ये हुक दोन प्रकारचे असतात. ‘ॲक्शन’ ठरलेल्या जागी नवं काही जोडतो, तर ‘फिल्टर’ आधीचा मजकूर दाखवण्यापूर्वी बदलतो. तुमचा मजकूर थीमच्या फाइलबाहेर राहतो, म्हणून अपडेटनंतरही टिकतो.

ब्लॉक एलिमेंट कशासाठी?

हुक वापरायला एरवी पीएचपी कोड लिहावा लागतो आणि तो चाइल्ड थीममध्ये ठेवतात. कोड येत नसेल तर काही थीममध्ये सोपा मार्ग आहे. उदाहरणार्थ, जनरेटप्रेस थीमच्या सशुल्क ‘जीपी प्रीमियम’ प्लगइनमध्ये ‘एलिमेंट्स’ ही सोय मिळते.

१. ‘अपिअरन्स’मध्ये ‘एलिमेंट्स’ उघडा आणि ‘ब्लॉक’ प्रकार निवडा.
२. नेहमीच्या एडिटरमध्ये सूचना लिहा.
३. एलिमेंटचा प्रकार ‘हुक’ ठेवा आणि हेडरनंतरची जागा निवडा.
४. ‘डिस्प्ले रूल्स’मध्ये ‘एंटायर साइट’ निवडा. हे राहिलं तर सूचना कुठेच दिसणार नाही.

एखादं पान वगळायचं असेल तर तेही इथेच ठरवता येतं. बंदी उठली की एलिमेंट ‘ड्राफ्ट’ करा. पुढच्या पावसाळ्यात तोच पुन्हा वापरता येईल.

हे लक्षात ठेवा

सूचना पोस्टरच्या फोटोत नको, अक्षरांत लिहा. घाटात नेटवर्क कमी असतं आणि फोटो उघडायला वेळ लागतो. आदेशाची तारीखही लिहा. कॅशे प्लगइन असेल तर बदलानंतर कॅशे रिकामी करा, नाहीतर पर्यटकांना जुनंच पान दिसेल. शेवटी स्वतःच्या मोबाइलवर लॉगिन न करता वेबसाइट उघडून पाहा. सूचना तिथे दिसली तरच काम पूर्ण झालं.