ग्राफीनला रेणू धरतो कसा?

पेन्सिलीने रेघ ओढलीत, की ग्राफाइटचे पापुद्रे सुटून कागदावर बसतात. असा एकाच अणूच्या जाडीचा सुटा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. वीण मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी. मँचेस्टरच्या गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली तो साध्या चिकटपट्टीने सोलून काढला, बरं का! २००७ साली तर त्याच्यावर बसणारा वायूचा एकेक रेणूही टिपता आला.

हा रेणू किती घट्ट बसतो, ते संगणकावर काढतात. पापुद्र्याची ऊर्जा काढायची, रेणूची वेगळी काढायची, मग दोघांची एकत्र. जेवढी घट, तेवढी पकड.

वजाबाकी सोपी, पण फसगत पुढेच आहे. दोघांतले इलेक्ट्रॉन सतत हेलकावतात, एकमेकांच्या हेलकाव्याला साथ देतात, नि त्यातून एक क्षीण ओढ उपजते. तिला व्हान डर वाल्स यांचे नाव आहे. नेहमीच्या कित्येक गणिती पद्धती ही ओढ धरीतच नाहीत. मग उत्तर येते, बेंझीनचा रेणू जेमतेम टेकतो. ग्राफाइटवरच्या प्रयोगांत मात्र तो चांगलाच धरून बसलेला दिसतो. तेच उत्तर खरे मानायचे, तर तुमच्या पेन्सिलीतले पापुद्रेही एकमेकांना धरून राहू नयेत! म्हणून आता ही ओढ निराळी मांडून बेरजेत घेतात, तेव्हा कुठे आकडा प्रयोगाजवळ येतो.