लाडू सारखा खाजवतोय!

रत्नागिरीतून भाट्ये पूल ओलांडला की खाडी मागे राहते आणि सुरूचं बन सुरू होतं. झरीविनायक, नारळ संशोधन केंद्र, संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला येणारी मंडळी. इथे पाळायचं म्हणजे कुत्रा, मांजर, फार तर परसात कोंबड्या. त्यामुळे लॅपटॉप आणि नोकरी पाठीवर टाकून मी मुंबईहून गावी आले, आणि सोबत दोन गिनीपिग आणले, तेव्हा शेजारच्या काकूंचा पहिला प्रश्न होता, "उंदीर विकत घेतलास गो?"

लाडू आणि चिवडा, सख्खे भाऊ. फ्रीज उघडल्याचा आवाज आला की दोघं शिट्ट्या मारतात. ऑफिसचा कॉल चालू असेल तर पलीकडच्यांना वाटतं, मी प्रेशर कुकर लावलाय.

जूनच्या शेवटी लाडू खाजवायला लागला. म्हटलं, पावसाळी हवा आहे, आपल्यालाही खाज सुटतेच की. पंधरा दिवस मी याच समजुतीत काढले. मग खांद्यावरचे केस विरळ झाले, पाठीवर पिवळट खपल्या आल्या. एका रात्री त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो आडवा पडून पाय झाडायला लागला. मला वाटलं, फिट आली. मिनिटभरात उठून बसला, पण मी रात्रभर जागी.

सकाळी काकू आल्या, वाकून बघितलं आणि निकाल दिला, "खरूज आहे गो ही. करंजेल लाव. बैलांना आमच्याकडे तेच लावायचे."

गंमत म्हणजे काकूंचं निदान बरोबर होतं! गिनीपिगच्या कातडीत बिळं करून राहणारा एक सूक्ष्म किडा आहे, ट्रिक्सॅकॅरस कॅव्हिई. माणसाला खरूज देणाऱ्या किड्याचा हा चुलतभाऊ. शास्त्रज्ञांनी त्याची पहिली नोंद केली १९७२ साली. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्याची खाज इतकी भयंकर असते की नुसता हात लागला तरी प्राण्याला झटके येऊ शकतात. म्हणजे त्या रात्री मी पाहिलं ते हेच. उपचार झाला नाही तर प्राणी खाणं सोडतो, वाळत जातो आणि दगावतोही. आणि मी पंधरा दिवस हवेला दोष देत बसले होते.

चुकलं होतं ते फक्त औषध. गिनीपिग दिवसभर स्वतःला चाटतो, त्यामुळे अंगावर लावलेलं सगळं पोटात जातं. हेच कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या पावडरी आणि मानेवर टाकायच्या थेंबांचं. घरात आहेत म्हणून ते वापरायचा मोह होतो, पण वीस किलोच्या कुत्र्याचं औषध पाऊण किलोच्या जिवावर ट्राय करायचं नसतं.

शेवटी बास्केट घेऊन पूल ओलांडला. डॉक्टर हसून म्हणाले, "गिनीपिग कॉलेजात पाहिला होता, तोही प्रयोगशाळेत." मी जरा खचलेच. पण त्यांनी सगळ्यात आधी लाडूला काट्यावर ठेवलं, तेव्हा बरं वाटलं. वजन भरलं ७८० ग्रॅम. मग खपलीजवळची कातडी अलगद खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहिली. "हे बघा, भाडेकरू!" गोलमटोल, आखूड पायांचा एक प्राणी काचेवर वळवळत होता. प्रत्येक वेळी तो असा सापडतोच असं नाही, लक्षणांवरूनही उपचार करावे लागतात, हेही त्यांनी सांगितलं. शिवाय केस गळतात ते दर वेळी याच किड्यामुळे नाही. उवा असतात, केसांना चिकटून राहणारे दुसरे किडे असतात, बुरशी असते. बुरशी तर माणसालाही लागते.

औषध होतं आयव्हरमेक्टिन. कोविडच्या दिवसांत, २०२१ साली, गोव्यात घरोघरी चर्चा झाली होती तेच. ते शोधणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांना २०१५ साली नोबेल मिळालं. गुराढोरांसाठी मिळणाऱ्या १ टक्का इंजेक्शनच्या १ मिलीमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं, आणि तेवढं साधारण ५० किलोच्या वासराला पुरतं. आता ७८० ग्रॅमचा लाडू डोळ्यांसमोर आणा. चुकून एक थेंब जास्त म्हणजे काय, ते कळेल. म्हणून वजन आधी, सिरिंज नंतर, आणि तीही डॉक्टरांच्याच हातात.

एका डोसने काम होत नाही. अंड्यांवर औषधाचा असर नसतो, ती फुटून नवी पिल्लं बाहेर आली की पुन्हा डोस. आम्हाला दहा-दहा दिवसांनी तीन डोस लागले. चिवडा टुणटुणीत होता, तरी त्यालाही टोचलं, कारण हा किडा मुख्यतः एका गिनीपिगकडून दुसऱ्याकडे जातो. दुकानातून येतानाच तो अंगावर असू शकतो आणि महिनोन्‌महिने गप्प बसतो. प्राणी अशक्त झाला, ताण आला, की डोकं वर काढतो.

"खायला काय देता?" डॉक्टरांनी विचारलं. मी अभिमानाने सशांच्या खाद्याचं नाव सांगितलं. इथे माझी दुसरी चूक निघाली. माणसासारखंच गिनीपिगचं शरीरही सी व्हिटॅमिन बनवू शकत नाही. सशाचं बनवतं, म्हणून त्याच्या खाद्यात ते घालायची गरज पडत नाही. पाण्यात थेंब टाकले तर तेही लवकर निकामी होतात. मग लाडूच्या ताटात आली ढोबळी मिरची, कोथिंबीर आणि पेरूची फोड. मूळचा पेरू देशाकडचा प्राणी पेरूवर बरा झाला, हा विनोद मी सगळ्यांना ऐकवून झालाय!

महिनाभर अंथरूण रोज बदललं, पिंजरा गरम पाण्याने धुऊन कडक वाळवला. कोकणातल्या जुलैत वाळवला म्हणजे पंख्याखाली, इस्त्री फिरवलेल्या फडक्यांनी पुसून. नखं कापून घेतली. किचनमधल्या काट्यावर दर रविवारी वजन. माझ्या मनगटावर उठलेले लाल पुरळ, जे मी मुकाट्याने लपवत होते, तेही लाडूबरोबरच गेले. हा किडा माणसाच्या अंगावर फार काळ टिकत नाही.

ऑगस्टच्या मध्याला पाठीवर मखमली लव आली. वजन ८६० ग्रॅम. काकू आल्या, हात फिरवला, लाडूने शिट्टी मारली.

"बघ, म्हटलं नव्हतं, खरूज आहे म्हणून?"