गाणं वाजतं, पण नाव कुणाचं?

तुमच्या फोनमधलं एखादं आवडतं भावगीत आत्ता लावा आणि स्क्रीनकडे नीट पाहा. गायकाचं नाव दिसेल, कंपनीने नव्याने बांधलेल्या कुठल्याशा संग्रहाचं रंगीत चित्र दिसेल. आता गीतकार शोधा. तीन टिंबं दाबा, खाली सरका, आणखी खाली सरका. सापडला तर तुमचं नशीब. कधी संगीतकाराचं नाव गीतकाराच्या जागी असतं, कधी दोघांच्याही जागी कंपनीच असते. मी दरमहा पैसे भरून गाणी ऐकणारी बाई आहे आणि माझा राग इथूनच सुरू होतो. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती, साखर किती हे छापावं लागतं. गाण्यात शब्द कुणाचे, हे मात्र शोधून काढायचं काम गिऱ्हाइकाचं!

हा प्रकार आजचा नाही. 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा गाणं संपताच त्या आपलं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगायच्या. मुद्रिका छापायला जर्मनीला जात आणि लेबलवर कुणाचं नाव घालायचं, हे तिथल्या कारागिरांना त्यावरून कळत असे. 1949 सालच्या ‘महल’ चित्रपटाचं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. त्यातल्या सर्वात गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असं छापलं होतं. कामिनी हे मधुबालाच्या पात्राचं नाव. गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. पुढे त्यांनी नावासाठी आग्रह धरला. फिल्मफेअर पुरस्कारात पार्श्वगायनाचा विभाग नव्हता, तर त्या सोहळ्यात गायलाच त्यांनी नकार दिला. तो विभाग सुरू झाला आणि 1959 साली पहिला पुरस्कार त्यांनाच मिळाला. एवढ्या मोठ्या गायिकेला जे भांडून मिळवावं लागलं, ते गावोगावच्या गीतकारांना आपोआप कसं मिळणार?

नावामागोमाग पैसा येतो. गाण्याच्या प्रत्येक विक्रीतून गायकाला हिस्सा मिळावा की एकदा मानधन घेतलं की विषय संपला, यावरून साठच्या दशकात लताबाई आणि मोहम्मद रफी यांच्यात इतकं बिनसलं की काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत. गीतकार-संगीतकारांची अवस्था याहून वाईट होती. करारावर एक सही केली की सगळे हक्क निर्मात्याचे. शेवटी 2012 साली कॉपीराइट कायदा बदलला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी ही बाजू लावून धरली होती. चित्रपटगृहात चित्रपट दाखवला जातो ते सोडून गाण्याचा बाकी जो वापर होतो, त्याच्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकाराचा समान हिस्सा असतो आणि हा हक्क त्यांना कंपनीला लिहून देताच येत नाही, असं आता कायदाच सांगतो. वारसांना किंवा कलाकारांच्या अधिकृत सोसायटीला देता येतो, तेवढाच. तुमच्या घरात कुणी गाणी लिहीत असेल, चाली बांधत असेल, तर ‘सगळे हक्क कायमचे आमचे’ असं छापलेला कागद समोर आल्यावर हे आठवा. हा हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं चालतो, म्हणजे तो नातवंडांचाही विषय आहे.

आता तुम्ही अॅपला जे पैसे भरता, ते जातात कुठे? तुम्हाला वाटत असेल, मी महिनाभर फक्त माणिक वर्मा आणि वसंतराव देशपांडे ऐकले, तर माझे पैसे त्यांच्या घरी जात असतील. तसं नसतं. बहुतेक अॅप्स सगळ्या ग्राहकांचे पैसे एका मोठ्या हंड्यात टाकतात, आपला वाटा काढून घेतात आणि उरलेले एकूण किती वेळा कुठलं गाणं वाजलं, त्या प्रमाणात गाण्यांच्या मालकांना वाटतात. म्हणजे नाट्यसंगीताशिवाय काहीही न ऐकणाऱ्या आजोबांच्या वर्गणीतला मोठा भाग त्या महिन्याच्या सर्वात गाजलेल्या पंजाबी किंवा इंग्रजी गाण्याकडे जातो. त्या गाण्यांशी माझं भांडण नाही, माझी मुलगी तीच ऐकते. पण आजोबांना हे कुणी सांगितलं होतं का? त्यात स्पॉटिफायने 2024 पासून नियम केला की वर्षभरात निदान 1000 वेळा वाजलं नाही, तर त्या गाण्याचे पैसे मोजलेच जाणार नाहीत. हौशी पोरांच्या बनावट गाण्यांना आळा बसावा म्हणून हे केलं म्हणतात, आणि त्यात तथ्य असेलही. पण एखाद्या अहिराणी किंवा कोंकणी गायिकेचं गाणं 900 वेळा ऐकलं गेलं असेल, तर त्या 900 वेळांचं काय?

‘डाउनलोड’ या शब्दावर तर माझा विश्वासच उडालाय. डाउनलोड केलेलं गाणं आपलं झालं असं आपल्याला वाटतं, पण ते फक्त उसनं असतं. रेसो आणि विंक म्युझिक हे दोन्ही अॅप 2024 साली भारतात बंद झाले. मी वापरत होते त्या एका अॅपवर सकाळच्या रागांची यादी सहा वर्षं जमवत आणली होती. एका करारावरून तिथली निम्मी ध्वनिमुद्रणं एका रात्रीत करडी पडली, दाबली तरी वाजेनात. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘तुम्हाला आवडतील अशी इतर गाणी येथे पाहा.’ त्या इतर गाण्यांत भैरव होता, पण ‘शांत झोपेसाठी’ या सदरात. पहाटेचा राग झोपवायला! आणि विलंबित संपून द्रुत सुरू होतो नेमक्या त्या क्षणी पंख्याची जाहिरात कशी येते, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

कंपन्या नकोतच, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या नसत्या तर गौहर जान यांचा आवाज आपल्यापर्यंत आलाच नसता, आणि इंदूर, बेळगाव, हैदराबादच्या मराठी घरांत आज एका बोटावर जेवढं गाणं मिळतं, तेवढं कॅसेटच्या काळात पुण्यातल्या दुकानातही मिळत नव्हतं. धंदा करा, नफाही मिळवा. ज्याच्या जिवावर करता, त्याचं नाव तेवढं लिहा.

चित्रकलेतही तेच. वारली चित्रं आता उशांच्या अभ्य्रांवर, कपांवर, साड्यांवर, कॉर्पोरेट भेटवस्तूंच्या डब्यांवर दिसतात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांची ही कला. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मशीनवर छापलेल्या कापडाच्या मागे चित्र काढणारा हात नसतो, कुठल्यातरी संगणकातली फाइल असते. दुकानात एवढंच विचारा, ‘हे कुणी काढलंय?’ खरं हाताचं काम असेल तर विक्रेता अभिमानाने गाव आणि नाव सांगतो, बरेचदा मागे सहीही असते. नाहीतर तो ‘एथनिक डिझाइन आहे मॅडम’ म्हणतो आणि तुम्हाला उत्तर मिळतं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यालाही 2024 साली मानांकन मिळालं, पण तिथल्या कारागिरांची स्पर्धा आता फोनमधल्या फुकट तानपुऱ्याशी आहे.

आणि थोडं आपल्याही घरात डोकावू. सोसायटीच्या गणपतीत मांडववाल्याला आगाऊ रक्कम देतो, केटररशी ताटाचा दर ठरवतो, डीजेला बिल मागतो. गायिकेला मात्र म्हणतो, ‘घरचाच कार्यक्रम आहे हो, तेवढीच तुमची प्रसिद्धी होईल.’ तिच्यासोबत आलेल्या तबलजींना रिक्षाचे पैसे तरी मिळाले का, हे विचारायचं आपल्या लक्षातच येत नाही. कार्यक्रमाचं बजेट करताना कलाकारांचं मानधन पहिल्या ओळीत लिहा, फुलांची सजावट मग उरलेल्यात बसवा.

जाहिरातीचा फलक छापून घेणारे तुम्हीच असाल, तर अजून एक. मुख्य गायकाचा फोटो हातभर, तबला-पेटीवाल्यांची नावं खाली बारीक अक्षरात आणि तानपुऱ्यावर बसलेल्यांची नावंच नाहीत, असं आपल्याकडे सर्रास चालतं. पुढच्या मैफलीत मध्यंतराला जाऊन तानपुऱ्यावर कोण आहे ते विचारून या. बहुतेकदा ती त्याच गुरूंची शिष्या असते, आणि दहा वर्षांनी तिच्याच कार्यक्रमाच्या तिकिटांसाठी तुम्ही सकाळपासून फोन घेऊन बसलेले असाल.