माँटेव्हिडिओला जाताय? सेंतेनारिओत एक सामना बघाच!

फुटबॉलचा पहिला वर्ल्डकप 1930 साली उरुग्वेत झाला आणि त्यासाठीच एस्तादिओ सेंतेनारिओ बांधलं गेलं. उरुग्वेच्या पहिल्या राज्यघटनेला त्याच वर्षी शंभर वर्षं होत होती, म्हणून हे नाव. बांधकाम जेमतेम आठ-नऊ महिन्यांत उरकलं, तरी स्पर्धा सुरू झाली तेव्हा स्टेडियम अर्धवटच होतं! पहिले सामने शहरातल्या इतर मैदानांवर खेळवले गेले. 18 जुलैला उद्घाटन झालं, उरुग्वेने पेरूला 1-0 हरवलं. गोल एक्तोर कास्त्रोचा. लहानपणी अपघातात त्याचा हात कोपराखाली तुटला होता.

फायनलला समोर अर्जेंटिना. चेंडू कुणाचा वापरायचा यावरूनच वाद! शेवटी पहिला हाफ अर्जेंटिनाच्या चेंडूने, दुसरा उरुग्वेच्या. मध्यंतराला अर्जेंटिना 2-1 पुढे, शेवटी उरुग्वे 4-2. (गल्ली क्रिकेटमध्ये बॅटवाल्याचं चालतं, तसंच की!)

स्टँडची नावं वाचा: कोलोंब आणि ॲमस्टरडॅम. 1924 आणि 1928 ची ऑलिंपिक सुवर्णपदकं उरुग्वेने तिथेच जिंकली. आजच्या चकचकीत स्टेडियमपुढे हे म्हातारं वाटेल, पण माझ्या मते मजा त्यातच आहे.

पेन्यारोल आणि नॅसिओनाल या शहरातल्या क्लबांची आता स्वतःची मैदानं आहेत, त्यामुळे राष्ट्रीय संघाचा सामना गाठायचा प्रयत्न करा. आतलं फुटबॉल संग्रहालय निवांत बघायला वेगळा दिवस ठेवा. आणि 2030 च्या वर्ल्डकपचा एक सामना इथेच ठरलाय, तेव्हा पैसे साठवायला लागा!