लिमिटेड कंपनीकडील येणें

लोहारा तालुक्यांतील एखाद्या लहान व्यापाऱ्यानें आपली तूर एका ‘प्रायव्हेट लिमिटेड’ कंपनीस उधार घातली, माल लोहाऱ्याच्याच काट्यावर मोजला गेला, दोन लाख चाळीस हजारांचें बिल झालें, आणि ‘पंधरा दिवसांत पैसे खात्यावर जमा होतील’ असें आश्वासन मिळालें, अशी कल्पना करावी. पंधरा दिवसांचे सहा महिने होतात. प्रथम साहेब स्वतः फोन घेतात, पुढें कारकून घेतो, त्यापुढें कोणीच घेत नाहीं. माल उचलण्यास आलेला गृहस्थ म्हणतो, ‘मी तर नोकर, कंपनीला विचारा.’ संचालकाचें घर शोधून काढावें, तर तोही तेंच सांगतो. या उत्तरानें संताप येणें साहजिक आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीनें तें बहुधा खरें असतें, आणि म्हणून या विषयाचा आरंभ तेथूनच केला पाहिजे.

कायदा कंपनीस एक स्वतंत्र व्यक्ति मानतो. तिला हातपाय नाहींत. परंतु तिच्या नांवें मालमत्ता असते, तिच्या नांवें कर्ज असतें, ती दावा लावते आणि तिच्यावर दावा लागतो. ‘लिमिटेड’ या शब्दाचा अर्थ एवढाच कीं, भागधारकाची जबाबदारी त्यानें घेतलेल्या भागांच्या रकमेपुरती मर्यादित. हें तत्त्व हिंदुस्थानांत १८५७ सालच्या कायद्यानें आलें. परंतु त्याची खरी कसोटी लागली ती लंडनच्या सॉलोमन नांवाच्या एका बूट-कारखानदाराच्या खटल्यांत. त्यानें १८९२ सालीं आपला चालता धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीस विकला. एकंदर वीस हजार सात भागांपैकीं वीस हजार एक त्याचे. उरलेले सहा त्याची बायको, मुलगी व चार मुलगे यांचे. विक्रीच्या किंमतीपैकीं दहा हजार पौंड त्यानें तारणी कर्जरोख्यांच्या रूपानें कंपनीवर येणें ठेवले. लवकरच धंदा बुडाला. ‘कंपनी म्हणजे सॉलोमनच, तेव्हां देणीं त्यानेंच फेडावीं,’ असें बिनतारणी धनकोंच्या बाजूनें मांडण्यांत आलें. हाउस ऑफ लॉर्ड्सनें नोव्हेंबर १८९६ मध्यें निकाल दिला कीं, कंपनी निराळी आणि सॉलोमन निराळा, आणि तारणी रोख्यांचा हक्क उधारीवाल्यांच्या आधीं. उधार देणारांच्या हातीं कांहीं पडलें नाहीं. हा निकाल कठोर वाटावा असाच आहे. पण भारतीय कंपनी कायदाही त्याच पायावर उभा आहे. संचालकानें स्वतःची जामीनकी लिहून दिली असल्यास मात्र त्याच्यावरही दावा लावतां येतो. कंपनीच्या पडद्याआड लबाडी झाली, हें दाखवूनही त्याला गांठतां येतें; पण तें सिद्ध करतां करतां वादीच थकून जातो.

तेव्हां दाव्यांत प्रतिवादी म्हणून लिहावयाचें तें कंपनीचें नोंदलेलें पूर्ण नांव. दुकानाच्या पाटीवरचें नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें बिलावर व पत्रावर हें नांव, नोंदलेल्या कचेरीचा पत्ता आणि एकवीस अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक छापणें बंधनकारक आहे. त्या क्रमांकावरून कंपनी-निबंधकाकडील दप्तर कोणासही पाहतां येतें. संचालक कोण, ताळेबंद कधीं दाखल झाला, कोणत्या मालमत्तेवर कोणत्या बँकेचा बोजा आहे, हें सारें तेथें असतें. बोज्याचें पान आधीं वाचावें. गोदाम, यंत्रें आणि आंतला माल सगळाच बँकेकडे तारण असेल, तर सॉलोमनच्या उधारीवाल्यांची गोष्ट तेथेंच पुन्हां घडण्याचा संभव असतो.

येथें आपल्याकडचा एक नेहमीचा घोटाळा सांगितला पाहिजे. मराठी मुलखांत सहकारी संस्थांच्या नांवामागेंही ‘मर्यादित’ हा शब्द असतो. ती कंपनी नव्हे. तिच्या कारभारासंबंधीं दावा आणण्यापूर्वीं १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालीं निबंधकास दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, व पुष्कळसे तंटे सहकार न्यायालयांतच जातात. नांव नीट न वाचल्यामुळें भलत्याच दारीं गेलेले दावे थोडे नाहींत.

दावा कोठें लावावा? कंपनी मुंबईची म्हणून मुंबईस धांवण्याचें कारण नाहीं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणें दाव्याचें कारण जेथें संपूर्ण वा अंशतः घडलें तेथील न्यायालयास अधिकार आहे. माल लोहाऱ्यास मोजून दिला असेल, तर लोहाऱ्याच्या दिवाणी न्यायालयांत दावा चालूं शकतो. मात्र बिलाच्या तळाशीं बारीक अक्षरांत ‘सर्व वाद फक्त मुंबईच्या न्यायालयांत’ असें छापलेलें असतें तें पाहावें. दोन्ही पक्षांस तें मान्य झालें असेल आणि मुंबईस एरवींही अधिकार पोंचत असेल, तर सर्वोच्च न्यायालयानें अशी अट वैध धरली आहे. शिवाय व्यापारी स्वरूपाचा, तीन लाख वा त्याहून अधिक रकमेचा तंटा असल्यास तो २०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्याखालीं जातो, आणि तातडीचा हुकूम मागावयाचा नसल्यास आधीं मध्यस्थीची पायरी चढावीच लागते.

मुदत तीन वर्षांची. ती ठरलेल्या उधारीची तारीख उलटल्यापासून, आणि तशी तारीख ठरली नसल्यास माल दिल्यापासून मोजतात. वकिलाची नोटीस पाठविली म्हणजे मुदत वाढते, हा समज सर्वस्वीं चुकीचा आहे. ती नव्यानें सुरू होते ती मुदत संपण्यापूर्वीं कंपनीनें सहीनिशीं देणें कबूल केल्यास, किंवा सहीनिशीं नोंद राहील अशा रीतीनें कांहीं रक्कम भरल्यास. ताळेबंदांतील नोंदही अशी कबुली ठरूं शकते, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं सांगितलें आहे. म्हणजे दप्तरांतील ताळेबंद पाहण्यास आणखी एक कारण झालें.

समन्स चिटणीस, संचालक किंवा मुख्य अधिकारी यांजवर बजावतां येतें, अथवा नोंदलेल्या कचेरीवर टपालानें पाठवितां येतें. येणें लेखी करारावर, हुंडीवर वा वचनचिठ्ठीवर आधारलेलें असेल, तर संहितेच्या सदतिसाव्या आदेशाचा संक्षिप्त दावा लावावा. त्यांत प्रतिवादीनें दहा दिवसांत हजर व्हावें लागतें आणि बचाव करण्यास न्यायालयाची परवानगी काढावी लागते.

कंपनीनें चेक दिला आणि तो परत आला, तर एक निराळेंच शस्त्र हातीं येतें. बँकेनें कळविल्यापासून तीस दिवसांत लेखी मागणी करावी. ती पोंचल्यावर पंधरा दिवसांत पैसे न आल्यास पुढील एक महिन्यांत फौजदारी तक्रार गुदरावी. आरोपी म्हणून कंपनीचें नांव पाहिजेच, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं स्पष्ट केलें. पण तिच्याबरोबर सही करणारा व कारभार पाहणारा संचालकही पिंजऱ्यांत उभा राहतो. जो पडदा दिवाणी दाव्यांत हलतां हलत नाहीं, तो येथें बराचसा बाजूस होतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खात्यांत भरलेल्या चेकची तक्रार, पैसे घेणाराचें खातें ज्या शाखेंत आहे तेथील न्यायालयांत करावयाची असते. लोहाऱ्याच्या शाखेंत खातें असणाराची त्यामुळें मोठी सोय झाली आहे.

ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याची स्थिति आणखी वेगळी. कारखाना खाजगी कंपनीचा असो वा सहकारी, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें चौदा दिवसांत रास्त व किफायतशीर दराचे पैसे दिले पाहिजेत. उशीर झाल्यास दरसाल पंधरा टक्के व्याज. थकलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यामार्फत वसूल होऊं शकते, व तसें प्रमाणपत्र पुण्याचे साखर आयुक्त देतात. तेव्हां उसाच्या पैशासाठीं दिवाणी कोर्टाची पायरी चढण्यापूर्वीं साखर आयुक्तांकडे अर्ज करावा.

हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असें नव्हे. त्याची दरखास्त लावावी लागते, आणि तिला बारा वर्षांची मुदत आहे. मालमत्ता मुंबईस असल्यास हुकूमनामा तेथें पाठवून घेतां येतो. बँकेंतील शिल्लक व तिसऱ्या इसमाकडील कंपनीचें येणें यांवरील जप्ती सर्वांत लवकर फळते.

इतक्यांत कंपनीचें दिवाळें निघालें तर? १९१३ च्या कायद्यांत पांचशे रुपयांहून अधिक येणें असणारा साधा धनको तीन आठवड्यांची नोटीस देऊन कंपनी मोडण्याचा अर्ज करूं शके. आजच्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेंत निदान एक कोटीची थकबाकी लागते; ही मर्यादा मार्च २०२० पर्यंत एक लाख होती. लोहाऱ्याच्या व्यापाऱ्याचें शस्त्र त्यामुळें बोथट झालें, असेंच म्हटलें पाहिजे. दुसऱ्या कोणी मोठ्या धनकोनें तसा अर्ज केला आणि तो दाखल झाला, कीं चालू दावे व दरखास्ती जागच्या जागीं थांबतात. मग वर्तमानपत्रांत जाहीर सूचना निघते, आणि तींत दिलेल्या तारखेपर्यंत दिवाळखोरी-व्यवस्थापकाकडे आपलें येणें नोंदवावें लागतें. तूर घालणाऱ्या व्यापाऱ्यानें तेव्हां बिल, काटापावती, बँकेच्या खात्याचा उतारा आणि हुकूमनामा झाला असल्यास त्याची नक्कल नमुन्यास जोडावी. टपालानें पाठविला तरी हा कागद चालतो.